घरातल्या दिवसाचा मालक कोण? जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातून संशोधनाचं वेळापत्रक



पेट, नेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न संशोधन पद्धतीचा नसतो आणि संख्याशास्त्राचाही नसतो. प्रश्न असतो तो असा: "सध्या घरीच आहे, घरून अभ्यास होत नाही, एखादं वेळापत्रक देता का?" विचारणारे कोणी जव्हारचे असतात, कोणी मोखाड्याचे, कोणी खोडाळ्याकडच्या पाड्यावरचे. कॉलेज संपलेलं असतं, शहरात खोली घेऊन राहणं परवडत नाही आणि घरात सहा-सात माणसं असतात.

वेळापत्रक देणं सोपं आहे. पहाटे पाच ते सात वाचन, दहा ते एक लेखन, दुपारी दोन ते पाच विश्लेषण. असे तक्ते सगळीकडे मिळतात. ते घरात तिसऱ्या दिवशी मोडतात आणि मग आपण स्वतःलाच आळशी ठरवतो. आज मी तक्ता आधी देणार नाही. आधी थोडा इतिहास बघू. कारण दहा ते पाचचा तक्ता एक गोष्ट न सांगता गृहीत धरतो: तुमचा दिवस रिकामा आहे आणि तो तुमच्या मालकीचा आहे. आपल्या भागात दिवसाच्या मालकीवरून माणसांनी गोळ्या झेललेल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

दहा ते पाच आलं कुठून?

इंग्लंडचे इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ सालचा एक निबंध वेळेच्या इतिहासावर काम करणारा प्रत्येक जण वाचतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कारखाने येण्याआधी बहुतेक माणसं कामाच्या मापाने जगत होती. गाय व्याली तर रात्र जागायची, पीक पिकलं तर अंधार पडेपर्यंत कापणी करायची, आणि काम नसेल तेव्हा बसायचं. कामाचा वेळ आणि जगण्याचा वेळ यांच्यामध्ये भिंत नव्हती. कारखान्याने ती भिंत घातली. भोंगा झाला की वेळ मालकाचा, पुन्हा भोंगा झाला की तुमचा. थॉम्पसन हेही नोंदवतात की घरातल्या बाईचा, विशेषतः लहान मूल असलेल्या आईचा दिवस या घड्याळात कधीच पूर्ण बसला नाही. तो पुढेही कामाच्याच तालावर चालत राहिला.

आपल्याकडे हे घड्याळ मुंबईच्या गिरण्यांतून आलं. रविवारची सुट्टी आपल्याला आज निसर्गनियमासारखी वाटते, पण ती नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी झगडून मिळवली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. मुंबईने ही नवी वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. शहरातले काही व्यवहार १९५५ पर्यंत जुन्या 'बॉम्बे टाइम'वर चालत होते. म्हणजे 'सकाळचे दहा' ही गोष्टसुद्धा कोणीतरी ठरवलेली आहे आणि ती ठरवताना भांडणं झालेली आहेत.

आता हे घड्याळ घेऊन जव्हारच्या डोंगरावर चढून बघा. इथे कारखाना नव्हता, भोंगा नव्हता. मग दिवस माणसांच्या स्वतःच्या मालकीचा होता का? तसंही नव्हतं.

वेठीचा दिवस आणि गवताचं वजन

आज आपला जिल्हा पालघर आहे. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. स्वातंत्र्याआधी जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या पश्चिमेला, तेव्हाच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत, जमीनदार आणि जंगल ठेकेदारांचं राज्य होतं. वारल्यांना वेठ करावी लागे. वेठ म्हणजे मालकाने बोलावलं की आपलं शेत, आपलं घर सोडून त्याच्याकडे फुकट राबायला जायचं. लग्नासाठी कर्ज काढलं तर ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा जन्मभर, नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत.

वेठीत नेमकं काय जायचं याचा विचार करा. पैसा तर मिळायचा नाहीच. त्याहून वाईट म्हणजे आवणीच्या ऐन दिवसांत बोलावणं यायचं. पाऊस झाला, रोप तयार आहे, आणि माणूस मालकाच्या शेतात. आपल्या शेतात उशिरा लावलेलं भात पुढे काय पिकणार? म्हणजे दिवसातले तास तर जायचेच, पण सगळ्यात मोलाचे तास जायचे. वेठीबद्दलची ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी इथे किसान सभेची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि ठरलं की वेठ बंद, लग्नगडी पद्धत बंद, आणि रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. या लढ्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. संशोधनाची तयारी करताना ते वाचाच, प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीचं लेखन साधन म्हणून कसं वापरायचं हेही त्यातून शिकता येतं.

आता मागण्यांकडे जरा संशोधकाच्या नजरेने बघा. शेतातल्या कामाला दर आहे दिवसाचा, गवताला दर आहे वजनाचा. एकाच लढ्यात दोन्ही मापं आहेत. का? गवत कापणारा घरच्या कामातून सवड काढून कापू शकतो, सकाळी कापेल किंवा दुपारी कापेल. शेवटी मोजायचं ते गवत. दुसऱ्याच्या शेतात मात्र तो दिवसभर अडकतो, म्हणून तिथे दिवसाचाच दाम हवा. पुढे राज्यात १९७२ पासून रोजगार हमी योजना आली, तिथेही मजुरी पुन्हा मापाने: किती माती खणली, किती खडी फोडली. मापाने काम ही आपल्या आजी-आजोबांना माहीत असलेली गोष्ट आहे. आपण शिकलो आणि तास मोजायला लागलो.

अर्थात मापाचीही एक बाजू आहे, ती विसरू नका. माप कोण ठरवतं आणि काटा कोणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं. ५०० पौंडांना किती, यावरूनच तर लढा झाला. स्वतःसाठी माप ठरवताना तुम्हीच मालक आणि तुम्हीच मजूर असता. तेव्हा अशक्य दर लावून स्वतःची पिळवणूक करू नका.

नळाची वेळ आणि हंड्याची वेळ

वेठ गेली. मग घरातल्या दिवसाचा मालक कोण उरला? मोखाड्यात मार्च ते जून या काळात याचं उत्तर एका शब्दात देता येतं: पाणी.

आपल्या तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण डोंगर-उतारावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, टँकर सुरू होतात. त्याच वेळी वैतरणा नदीवर मुंबईसाठी धरणं बांधलेली आहेत. मोडकसागर १९५७ चं. मोखाडा तालुक्यात कोचाळेजवळचं मध्य वैतरणा अलीकडचं, १०२ मीटरच्या वर उंच. मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी वाढवून मिळावं म्हणून ते बांधलं. शहरातल्या माणसाला सकाळी नळ सोडला की पाणी येतं आणि तो दहा वाजता कामाला बसतो. त्याच्या दहा वाजण्यामागे दीडशे किलोमीटरच्या आत कोणाची तरी पहाट खर्च झालेली असते, हे त्याच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

आता आपल्याच घराकडे या. विहिरीवर पाझराचं पाणी साठतं ते पहाटे. उशिरा गेलं तर गढूळ मिळतं, किंवा मिळतच नाही. म्हणून हंडे घेऊन निघायचं ते तीन-चार वाजता. कोण निघतं? आई, वहिनी, बहीण. आणि आपली अभ्यासाची पुस्तकं काय सांगतात? पहाटेची वेळ अभ्यासाला उत्तम! घरातला मुलगा पहाटे उठून दोन तास नेटचा पेपर सोडवतो, कारण तेच दोन तास त्याची बहीण विहिरीच्या रांगेत उभी असते. बहिणीलाही नेट द्यायची असेल तर तिला 'पहाटे उठत जा' हा सल्ला काय कामाचा? ती उठलेलीच असते.

म्हणून वेठीची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. किती तास गेले यापेक्षा कोणते तास गेले हे महत्त्वाचं. तुमच्या दिवसातले सगळ्यात ताजे तास कोणत्या कामाकडे जातात आणि तुमच्या ताज्या तासांची किंमत घरात कोण मोजतं, हे पाहिल्याशिवाय वेळापत्रक करू नका.

कोसबाडच्या टेकडीवरचं उत्तर

पण दिवस जर असा आधीच भरलेला असेल तर शिक्षण बसवायचं कुठे? या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्यात एक उत्तर मिळालेलं आहे, आणि माझ्या मते जगातल्या कुठल्याही वेळ-व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा ते सरस आहे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. (मोडकसागराला ज्यांचं नाव आहे ते अभियंते मोडक वेगळे, आडनाव तेवढं एक.) अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्या काळातलं सोपं स्पष्टीकरण तयार होतं: यांना शिक्षणाची आवड नाही. या दोघींनी ते मानलं नाही. त्यांनी मुलांचा दिवस बघितला.

दिवसात काय दिसलं? आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं. आई-बाप कामावर गेले की ते पोर तिच्या अंगावर. ती शाळेत आली तर पोराला कोण बघणार? मुलगे गुरांमागे रानात. गुरं सोडून ते वर्गात कसे बसणार?

मग त्यांनी शाळेचा आकार बदलला. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. मुलगी भावंडांना घेऊन येणार, तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शिक्षक जाणार. आणि जी लहान मुलं बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर पोहोचलेला आहे. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत तो आला. त्याचं मूळ अंगणात नेलेल्या या बालवाडीत आहे.

या कामाची पद्धत नीट समजून घ्या, कारण ती संशोधनाचीच पद्धत आहे. आधी निरीक्षण: मूल दिवसभर काय करतं. मग अडचण नेमकी कुठे आहे ते ठरवणं: मुलीला शिकायचं नाही असं नाही, तिच्या कडेवर मूल आहे. मग जे हलत नाही ते तसंच ठेवून जे हलवता येतं ते हलवणं. भावंड हलत नव्हतं, गुरं हलत नव्हती. शाळा हलली.

अनुताईंचं स्वतःचं शिक्षणही असंच तुकड्यातुकड्यांनी झालं. लहान वयात वैधव्य आलं, शिक्षिकेची नोकरी करता करता पुढच्या परीक्षा दिल्या आणि १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बी.ए. झाल्या. 'गॅप पडला, आता काय होणार' असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

दिवस मोजायचा कसा?

कोसबाडच्या पद्धतीतली पहिली पायरी निरीक्षण. त्यासाठी एक तयार साधन आहे. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळ वापर सर्वेक्षण केलं. त्यात माणसाचा दिवस पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा धरला आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत नोंदवला. एका खणात दोन-तीन कामं झाली असतील तर तीही लिहिली.

आकडे बघा. घरातली बिनमोबदला कामं करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हेच सर्वेक्षण २०२४ मध्ये पुन्हा झालं तेव्हा २८९ आणि ८८. इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, ही सरासरी फक्त ती कामं करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये त्या दिवशी अशी कामं केलेल्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. म्हणजे ९७ मिनिटं हा आकडा सगळ्या पुरुषांचा समजलात तर चुकाल. कुठलाही आकडा वाचताना भागाकार कशाने केला आहे ते आधी बघायचं. दोन, या वर्गीकरणात घरासाठी पाणी आणि लाकूडफाटा आणणं हे 'घरकाम' या गटात येतच नाही. ते 'स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन' या वेगळ्या गटात येतं. म्हणजे मोखाड्यातल्या बाईची पहाट त्या २९९ मिनिटांत धरलेलीच नाही. व्याख्या कशी आहे यावर कोणाचं काम दिसतं आणि कोणाचं दिसत नाही हे ठरतं. तुमचा विषय विज्ञानाचा असो की समाजशास्त्राचा, ही गोष्ट कायम लागू पडते.

आता वेळापत्रक

एवढा इतिहास झाल्यावर आता तुमच्या वहीत काय लिहायचं ते सांगतो.

१) तीन दिवसांची नोंद. पहाटे चारपासून पुढच्या चारपर्यंत, अर्ध्या तासाचे ४८ खण आखा. एक साधा दिवस, एक आठवडी बाजाराचा दिवस, एक पाहुणे किंवा सणाचा दिवस. शेजारी दुसरा रकाना करा, त्यात घरात सर्वात जास्त राबणाऱ्या व्यक्तीचा दिवस लिहा. तिला विचारून लिहा, अंदाजाने नको. हा दुसरा रकाना बहुतेक जण टाळतात, आणि खरी माहिती त्यातच असते.

२) न हलणारे खुंटे. पाणी, चूल, गुरं, लहान मूल, म्हाताऱ्यांचं औषध, एसटीची वेळ, लाइट जाण्याची वेळ, रेंज येण्याची वेळ. यांच्याशी भांडू नका. कोसबाडला शाळा हलली होती, तसा इथे अभ्यास हलवायचा. 'संध्याकाळी सात वाजता' असं लिहिण्यापेक्षा 'भांडी झाली की' असं लिहा. घरात सात कधी साडेसातला वाजतात, कधी आठला. भांडी मात्र रोज होतात.

३) कामाचे तीन ढीग. पहिला ढीग सलग कामाचा: अवघड शोधनिबंध वाचणं, प्रकरण लिहिणं, विश्लेषण. याला निदान दीड तास अखंड लागतो. दुसरा तुटक कामाचा: संदर्भांची नोंद, फाइलींना नावं देणं, तक्ते नीट करणं, शब्दांची यादी. पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तिसरा हात गुंतलेले असताना डोक्याने करायचा: काल वाचलेल्या निबंधाचा मुद्दा स्वतःला मराठीत समजावून सांगणं. नागली निवडताना हे उत्तम होतं. आपली चूक अशी होते की नशिबाने मिळालेला सलग दीड तास आपण फाइलींना नावं देण्यात घालवतो आणि प्रकरण लिहायला वीस मिनिटांच्या फटीत बसतो.

विज्ञानवाल्यांना हे समजायला सोपं जावं. प्रयोगशाळेत प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली की २४ तास तिचे, आपले नाहीत. तिच्या वेळेनुसार आपण चहा, वाचन, पुढची तयारी बसवतो आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. घराच्या तालाशी तोच व्यवहार करायचा.

४) तासाऐवजी माप. 'रोज सहा तास' असं लिहू नका. लिहा: 'आज एका निबंधाची पद्धत वाचणे आणि अर्धं पान टिपण'. गवतासारखं शेवटी काय साठलं ते मोजा. माप असं ठेवा की वाईट दिवशीही पूर्ण होईल.

५) उठताना एक ओळ. कोणी हाक मारली की उठण्याआधी फक्त एक ओळ लिहायची: पुढे काय करायचं होतं. 'तक्ता ३ मधले मे महिन्याचे आकडे तपासायचे.' हाका थांबणार नाहीत. पण परत आल्यावर सुरुवात शोधण्यात जाणारी पंधरा मिनिटं वाचतील.

६) वर्षाचा तक्ता. शहरातली माणसं आठवड्याचं नियोजन करतात, आपल्याला वर्षाचं लागतं. जुलैत आवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणी, दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईकडे जगायला जातात, उन्हाळ्यात पाणी. आवणीच्या आठवड्यात प्रकरण देतो असं गाइडला कबूल करू नका. त्यापेक्षा आधीच सांगा: जुलैत फक्त वाचन, ऑगस्टअखेर मसुदा. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल या हिशेबाने मागे-पुढे आखता येतो. आणि हे माहीत असू द्या की यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं असली तरी महिला संशोधकांना दोन वर्षांची सवलत आणि मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. कोणी उपकार म्हणून देत नाही, नियमात आहे. मागून घ्या.

शेवटचा मुद्दा, आणि तो घरात बोलायचा आहे

वरचे सहाही मुद्दे तुम्ही एकट्याने करू शकता. सातवा मात्र सगळ्यांनी मिळून करायचा आहे. तुम्ही भरलेला दुसरा रकाना घरच्यांसमोर ठेवा. भाषण नको, नुसता कागद दाखवा. बऱ्याच घरांत कोण किती राबतं हे सगळ्यांना ढोबळ माहीत असतं, पण ४८ खणांत मांडलेलं कोणी पाहिलेलं नसतं.

तुम्ही घरातला मुलगा असाल तर तुमच्या सलग दीड तासाच्या वेळी कोण काय करत होतं ते त्या कागदावर दिसेल. त्यातला एक हंडा किंवा एक चूल तुमच्याकडे घ्या. अभ्यास कमी होईल म्हणून घाबरू नका, पाणी भरताना तिसऱ्या ढिगातलं काम होतंच. तुम्ही घरातली मुलगी किंवा सून असाल तर सगळे तास मागू नका, मागून मिळतही नाहीत. कागदावर बोट ठेवून एकच सलग खण मागा, तो रोज त्याच कामानंतरचा असू द्या, आणि त्या वेळात तुम्ही काय करता ते घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगा. 'पीएच.डी. करते' हे आजीला कळत नाही. 'आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात का आटतं ते शोधते' हे कळतं. ज्या कामाला घरात नाव असतं, त्या कामाला घर जागा देतं.

१९४५ मध्ये झरीला जमलेल्या माणसांनी आपला दिवस परत मागितला तो सगळ्यांनी एकत्र बसून, दर आणि माप ठरवून. बारा वर्षांनी कोसबाडला दोन बायकांनी एका मुलीच्या कडेवरचं मूल पाहिलं आणि शाळा तिच्यासाठी वाकवली. तुमचं वेळापत्रक या दोन्ही गोष्टींच्या मधलं आहे: थोडं मागायचं, थोडं वाकवायचं.

या आठवड्यात फक्त पहिला मुद्दा करा. ४८ खण, दोन रकाने, तीन दिवस. पुढच्या लेखात आपण या नोंदींनाच डेटा मानून त्यांची वर्गवारी कशी करायची, कोडिंग म्हणजे काय आणि एका कामाचे दोन गटांत बसणारे खण कसे हाताळायचे ते बघू. म्हणजे वेळापत्रकही होईल आणि संशोधन पद्धतीचा पहिला सरावही. वही काढा.